मूठभर तांदूळ आणि शाळेची जमीन



शाळेचा इतिहास आपण निकालांतून आणि मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींतून सांगतो. पैसा कोठून आला, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. आज मी नेमके तेच सांगणार आहे.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीचे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आले. सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये. पणजीचे लिसेव १८५४ चे. मराठी अक्षर गिरवावयाचे ते लोकांनी पोसलेल्या पंतोजीकडे. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. तिचे अंदाजपत्रक नावातच आहे : घरोघरी मुठीने बाजूला काढलेले तांदूळ! शिक्षणकराचा इतका सोपा आणि इतका न्याय्य प्रकार माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. मात्र मुठीवर प्राथमिक वर्ग चालतो. माध्यमिक शाळेला अनेक विषयांचे शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते. म्हणून मॅट्रिकसाठी पुष्कळांनी मुंबई-बेळगावची वाट धरली, आणि ज्यांना ते परवडले नाही त्यांची शाळा तेथेच संपली.

मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी शाळा निघाल्या. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ झाले, १९८४ साली शालेय शिक्षण कायदा आला. मान्यताप्राप्त खासगी विद्यालयांच्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येऊ लागला. ही क्रांतीच होती. पण पगार मिळाला तरी भिंती उभ्या राहत नाहीत. इमारतीचा मोठा भार संस्थेवर, म्हणजे गावावरच राहिला. अनुदानावर गोव्यात १९९० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये रान पेटले, ते प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून. गळक्या छपरावरून मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

आता मये. येथे माणसे देणगीला मागे नव्हती, अडचण पायाखालीच होती. मुक्तीनंतर १९६४ च्या कायद्याने गावातील फार मोठी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, राहणारे आपल्याच अंगणात परके झाले. जमीन दान करावयाची तर आधी ती आपल्या नावावर असावी लागते!

मी शिक्षक असताना आम्ही काही जण दोन वर्गखोल्यांचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. वर्गणीची यादी जोडली होती; कोणी रोख, कोणी चिरे, कोणी नुसते अंगमेहनतीचे दिवस लिहून दिले होते. कारकुनाने यादी पाहिलीच नाही. "एक-चौदाचा उतारा आणा," तो म्हणाला. उतारा आणला, तर त्यावर आमच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते. आमच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थांनी कागद शांतपणे घडी घालून खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये कोणी बोलले नाही.

जमिनीची ही गाठ सोडविण्यासाठी कायदा झाला तो २०१४ साली. म्हणजे मुक्तीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. त्याच काळात गोव्यातील अनेक खेड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळा मुलांअभावी बंद पडत होत्या.

त्या गृहस्थांच्या निधनानंतर ती वर्गणीची यादी माझ्याकडे आली. शाई फिकी झाली आहे, तरी नावे वाचता येतात. आज ती मी विद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करीत आहे. आपल्यापैकी अनेकांना तिच्यात आपल्या आजोबांचे नाव सापडेल.