शाळेचं माहेरपण



आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. गेल्या वेळी हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि आमच्यातल्या एकीनं विषय काढला. ती पेठेत एका आजींकडे स्वयंपाकाला जाते. त्या दिवशी आजी सकाळी सातलाच इस्त्रीची साडी नेसून मोबाइलसमोर बसलेल्या. अमेरिकेत त्यांच्या शाळेतल्या दहा-बारा जणी एका मैत्रिणीच्या घरी जमल्या होत्या. तिकडे रात्र, इकडे सकाळ. "ताई, चहा तीनदा गरम केला मी. शाळा सोडून साठ वर्षं झाली, तरी शाळेचं एवढं काय असतं हो?"

आमच्या गटात चौदा जणी. नऊ जणींची शाळा सातवीच्या आत सुटलेली. तेव्हा उत्तर सुचलं नाही. मग थोडं वाचलं, मोठ्यांना विचारलं, ते आज तुम्हाला सांगतो.

परदेशात शाळासोबत्यांनी जमणं आता नवं राहिलेलं नाही. लागोसला क्वीन्स कॉलेज म्हणून मुलींची शाळा १९२७ साली निघाली. तिथल्या माजी विद्यार्थिनींच्या संघटना इंग्लंड-अमेरिकेतही आहेत. आपल्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेत १९८१ पासून आहे. त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. २०१९ ला डॅलसला झालं, करोनामुळे पुढचं लांबून २०२२ ला अटलांटिक सिटीला, मग २०२४ ला सॅन होजेला. अशा गर्दीत माणसं आपापले शाळासोबती हुडकतात आणि कोपरा धरून बसतात.

पण हुडकायचं कसं? मुलग्याचं नाव हजेरीपटावर असतं तेच साठ वर्षांनी दारावरच्या पाटीवर असतं. मुलीचं आडनाव लग्नात जातं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. त्यामुळे बायकांच्या मेळाव्याची सुरुवातच माहेरच्या नावांच्या यादीपासून होते. अमकी आता कोण झाली, हे विचारत फोनवर फोन.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. पैसा सातासमुद्रापलीकडून येत होता. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं होतं, त्यांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. या सदनात देवरुखची एक बालविधवा शिकायला आली, गोदूबाई. पुढे ११ मार्च १८९३ ला तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. लोक तिला बाया म्हणत. (ही ११ मार्च तारीखही गमतीची. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तो दिवसही ११ मार्चच, साल १८८६, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.) आता समजा शारदा सदनाच्या मुलींचा मेळावा भरवायचा, तर यादीत गोदूबाई शोधून सापडल्या असत्या का?

बायांच्या सूनबाई इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नावही तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. ही शाळा १८८४ ची, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली. सात वर्षांची पोर आईबापांना सोडून एवढ्या लांब! तिला शाळा म्हणजे घरच वाटलं असणार. त्याच इरावतीबाईंनी १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट मिळवली.

पण गटात सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं ते बायांच्या धाकट्या बहिणीवर, पार्वतीबाई आठवल्यांवर. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मुलगा. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या पुण्यात बहिणीकडे शिकायला आल्या. सव्विसाव्या वर्षी पाटी! १८९६ ला अण्णासाहेब कर्व्यांनी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथं पार्वतीबाई शिकल्या, मग तिथंच कामाला लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१२ साली त्यांनी केशवपन थांबवलं. आणि १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं, आश्रमासाठी मदत मिळवायची. इंग्रजी तोडकंमोडकं, पैसा नाही, तेव्हा पोटासाठी त्यांनी तिथल्या लोकांच्या घरी घरकाम केलं. दोन वर्षांनी परत आल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या १९२८ च्या पुस्तकात सांगितलं आहे.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमची स्वयंपाकवाली मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखीच की! पण शाळेसाठी?"

हो, शाळेसाठी. तिकडे तिच्या शाळेची दुसरी कुणी नव्हती. गप्पा मारायला, जुने फोटो दाखवायला कुणी नाही. तरी आम्हाला वाटतं, हिंगण्याची परदेशातली पहिली माजी विद्यार्थिनी म्हणून मान द्यायचा तर त्यांनाच द्यावा.

स्वतः अण्णासाहेबही मागे राहिले नाहीत. महिला विद्यापीठ १९१६ ला सुरू झालं होतं. त्याच्या कामासाठी ते १९२९ ला युरोप, अमेरिका, जपान फिरले. मग डिसेंबर १९३० ला, बहात्तराव्या वर्षी, आफ्रिकेला निघाले. मोंबासात त्यांचे चिरंजीव शंकरराव डॉक्टर होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने. तिथल्या हिंदी वस्तीत जाऊन पुण्या-मुंबईच्या मुलींच्या शिक्षणासाठी पैसे मागितले. ज्यांनी दिले त्यांतल्या बहुतेकांनी ती शाळा कधी पाहिलीही नसेल.

आजच्या मेळाव्यांत गाणी होतात, वडापाव होतो, बाईंच्या नकला होतात. होऊ द्या. पण आजींना आम्ही मुद्दाम विचारून घेतलं. त्यांच्या त्या दहा-बारा जणी दर वर्षी दोन मुलींची फी भरतात. आजी हे सांगताना जरा लाजल्याच. यंदा नावं कुठल्या मुलींची घ्यायची, यावरून त्या सकाळी बराच वाद झाला होता. चहा गार झाला तो त्यामुळे.

या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीचं शेवटचं पान आम्ही रिकामं ठेवलं. प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव आणि शाळेचं नाव लिहायचं. तेरा जणींची लिहून झाली. चौदावीला शाळेचं नाव काही केल्या आठवेना. मारुतीच्या देवळामागची, पुढे चिंचेचं झाड असलेली, एवढंच म्हणाली. आम्ही तेच लिहून घेतलं.