खानदेशातील आदिवासी व भटक्या जमाती : भेदभावाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारत हा बहुवांशिक व बहुभाषिक देश आहे. संविधानाने सर्व नागरिकांना समान दर्जा दिलेला असताना अल्पसंख्य वांशिक समूहांना प्रत्यक्षात भेदभाव सहन करावा लागतो काय, की ज्याला भेदभाव म्हटले जाते ते केवळ दारिद्र्याचे दुसरे नाव आहे, असा प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. या प्रश्नाचे उत्तर सरसकट विधानांतून मिळत नाही, ते एखाद्या प्रदेशाच्या इतिहासात शोधावे लागते. त्या दृष्टीने खानदेश हा महत्त्वाचा प्रदेश ठरतो. ब्रिटिशांनी १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन केले. त्यांतूनच आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आकारास आले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. येथे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी इत्यादी जमाती राहतात. सातपुड्याच्या काही तालुक्यांत त्या संख्येने अधिक आहेत. म्हणून येथे ‘अल्पसंख्य’ हा शब्द संख्येपेक्षा सत्तेतील वाट्याच्या संदर्भात घ्यावा लागतो.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

१८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. त्यापूर्वी भिल्ल नाईक घाटवाटांची व गावांची राखण करीत व त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. नव्या राजवटीने या हक्कांच्या मागणीकडे प्रामुख्याने उपद्रव म्हणून पाहिले. १८२५ मध्ये आऊट्रमच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. धरणगाव हे तिचे प्रमुख ठाणे होते. या पलटणीमुळे अनेकांना नोकरी व प्रतिष्ठा मिळाली हे खरे. मात्र ज्या समूहाला वश करावयाचे, त्याच समूहातील माणसे त्या कामी लावण्याचे हे धोरण होते. सेंधव्याच्या घाटाच्या बंदोबस्तावर असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उठावात सामील झाला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे लढाई झाली, यावरून या धोरणाच्या मर्यादा स्पष्ट होतात.

यानंतरचे दोन कायदे अधिक दूरगामी ठरले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाची व्यवस्था दृढ केली. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारा माणूस त्याच जंगलात अतिक्रमक ठरला. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये उत्तर भारतासाठी झाला व १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांसारख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. भूमिहीन कुणबी शेतमजूर तितकाच दरिद्री असला, तरी जातीमुळे त्याला पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागत नव्हती. दारिद्र्य व भेदभाव यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

स्वातंत्र्योत्तर काळ :

१९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. परंतु १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यासारख्या तरतुदींमुळे संशयाची जुनी नजर पूर्णपणे गेली नाही. तापी खोऱ्यात जमिनीचा प्रश्न तीव्र झाला. सावकारी व गहाणखतांतून भिल्लांच्या जमिनी गेल्या आणि मूळ मालक सालदार झाले. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात संपन्न शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या सशस्त्र रखवालदार ठेवीत. १९७१ मधील पाटीलवाडी प्रकरणात धान्य मागण्यास गेलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला. अंबरसिंग महाराजांचे कार्य व १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांमुळे या प्रश्नाला वाचा फुटली. पुढे राज्यात अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा अधिनियम आला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या उद्देशिकेत तर वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे शासनानेच मान्य केले आहे.

भाषेचा प्रश्न :

भेदभाव नेहमी हिंसेच्या रूपानेच येतो असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भिली भाषकांची संख्या एक कोटी चार लाखांच्या आसपास आहे. सुमारे २६ लाख भाषक असलेल्या डोगरीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, भिलीला मात्र नाही. भिली भाषक महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व राजस्थान यांत विभागले गेले असल्याने कोणत्याही एका राज्यात त्यांची भाषा प्रभावी ठरत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगणारे संविधानाचे ३५० क हे कलम असूनही सातपुड्यातील बालकाची शाळा बहुधा अपरिचित भाषेतच सुरू होते.

राईनपाडा : एक गुंतागुंतीचे उदाहरण

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. मृत मंगळवेढा परिसरातून आलेले भटके होते, तर हा परिसर आदिवासीबहुल आहे. म्हणजेच एका उपेक्षित समूहाच्या वस्तीत दुसऱ्या उपेक्षित समूहाचा बळी गेला. अनोळखी भटका हा चोरच असणार, ही वसाहतकालीन धारणा ज्यांच्यावर लादली गेली त्यांच्यातही झिरपल्याचे यावरून दिसते. या प्रकरणात २०२४ मध्ये धुळे न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. तथापि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा केवळ अनुसूचित जाती व जमातींना संरक्षण देतो. महाराष्ट्रात विमुक्त व भटक्यांना एकूण ११ टक्के आरक्षण आहे, परंतु या दोन सूचींबाहेर राहिलेल्या भटक्यांना त्या कायद्याचा आधार मिळत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, खानदेशातील भेदभाव वास्तव आहे, मात्र तो एकसुरी नाही. आरक्षण, जमीन परतीचा कायदा व वनहक्क यांमुळे काही अंशी परिस्थिती बदलली, हे नाकारणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण कायदा रद्द झाल्याने त्याने रुजविलेला संशय रद्द होत नाही. दारिद्र्य हे भेदभावाचे कारण जितके आहे तितकेच त्याचे फलितही आहे. जंगल, जमीन व भाषा हिरावल्यावर जे उरते त्यालाच ‘मागासलेपण’ म्हणण्याची सवय अभ्यासकांनीही तपासून पाहणे आवश्यक आहे. खानदेशातील महाविद्यालयांच्या वर्गात भिल्ल, पावरा व भटक्या समाजांतील विद्यार्थी बसतात. त्यांचा इतिहास केवळ उपद्रव व उठाव यांच्या नोंदींतून न शिकविता हक्कांच्या इतिहासाच्या अंगाने शिकविणे, ही या प्रश्नाच्या सोडवणुकीची प्राध्यापकांच्या हाती असलेली पहिली पायरी आहे.