हंसाच्या नावाचा मनोरा

इ.स. 645च्या सुरुवातीला छांगआन नगरीत वीस घोड्यांचा तांडा शिरला. पाठीवरच्या 520 गाठोड्यांत 657 ग्रंथ बांधलेले होते. त्यांचा धनी, भिक्षू युआन श्वांग (जुन्या मराठी पुस्तकांतला ह्युएनत्संग), सोळा-सतरा वर्षांपूर्वी राजाची परवानगी न घेता याच शहरातून भारताकडे निघाला होता. आता त्याला पाहायला रस्ते फुलून गेले होते.

तेव्हाचे छांगआन म्हणजे आजचे शीआन. शहराच्या दक्षिण भागातल्या दा त्स-अन मंदिरात पाऊल टाकले की समोर विटांचा चौकोनी, सात मजली मनोरा दिसतो. उंची सुमारे 64 मीटर. नक्षीकाम बेताचेच, पण प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा आत घेतलेला असल्यामुळे तो जमिनीवर ठाम बसल्यासारखा वाटतो. हा मुळात ग्रंथ आणि मूर्ती सांभाळण्यासाठी बांधला गेला, हे माहीत असले की त्याचे हे साधेपण समजते.

मंदिर मनोऱ्याहून चार वर्षांनी वडील. थांग घराण्याच्या युवराजाने 648मध्ये आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ ते उभारले. नावाचा अर्थच ‘मायेचे उपकार’ असा आहे. युआन श्वांगचे भाषांतराचे काम लवकरच इथे आले. पण लाकडी बांधणीच्या शहरात भूर्जपत्रे आणि ताडपत्रे किती सुरक्षित? आगीची आणि पांगापांगीची भीती त्याला छळत असावी. 652मध्ये त्याने सम्राटाकडे दगडी मनोऱ्याची परवानगी मागितली. तोवर तोच युवराज गादीवर आला होता. दगडाचे काम फार कष्टाचे होईल, विटा वापराव्यात, असे त्याने सुचवले. खर्चासाठी राजवाड्यांतल्या मृत व्यक्तींची वस्त्रे आणि चीजवस्तू दिल्या. भारतातल्या स्तूपाची धाटणी मनात ठेवून पाच मजली वास्तू उभी राहिली. पन्नाशीचा युआन श्वांग स्वतः टोपल्यांतून विटा-दगड वाहत होता, असे त्याच्या शिष्याने लिहिलेले चरित्र सांगते.

मातीच्या भरावावर विटांचे कवच असल्यामुळे ती वास्तू फार टिकली नाही. सम्राज्ञी वू झ-थिएनच्या काळात, आठव्या शतकाच्या आरंभी, ती नव्याने बांधली गेली. 1556च्या भीषण भूकंपात या परिसरात आठ लाखांवर माणसे मेली, तरी मनोरा उभा राहिला. पुढे मिंग काळात त्यावर विटांचा नवा थर चढला. विसाव्या शतकात संकट जमिनीखालून आले. भूजलाचा बेसुमार उपसा झाला, जमीन खचली आणि मनोरा वायव्येकडे मीटरभर कलला. उपशाला आळा घातल्यावर तो हळूहळू सावरू लागला.

घाईचा पर्यटक थेट जिन्याकडे धावतो. खरा ऐवज मात्र खालीच आहे. दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना 653मधले दोन शिलालेख आहेत, हस्ताक्षर छू स्वेलिआंग या नामवंत सुलेखकाचे. एक उजवीकडून डावीकडे वाचायचा, दुसरा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दोघे एकमेकांकडे तोंड करून उभे. पश्चिमेच्या दारावरच्या दगडात उपदेश करणारा बुद्ध कोरला आहे आणि मागे थांगकालीन लाकडी सभागृह, खांब-तुळयांसह. त्या काळची लाकडी घरे जवळजवळ सारी नाहीशी झाल्यामुळे वास्तुइतिहासकार लिआंग स-छेंग यांना ही रेघांची नक्षी पुराव्यासारखी उपयोगी पडली.

मनोऱ्याचे नाव ‘मोठा रानहंस’. ते मगधातल्या कथेवरून आले, असे मानतात. ती युआन श्वांगनेच लिहून ठेवली आहे. विहारात अन्न संपले होते. एका भिक्षूने वरून जाणाऱ्या हंसांकडे पाहून थट्टेने काही म्हटले, तोच थव्याचा म्होरक्या मरून खाली पडला. शरमलेल्या भिक्षूंनी त्याला पुरून त्यावर स्तूप बांधला.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे असे आणखी एक कारण आहे. इ.स. 646मध्ये याच शहरात युआन श्वांगच्या प्रवासवृत्ताला आकार आला, आणि त्यात ‘मो-हो-ला-छा’, म्हणजे महाराष्ट्र, आहे. लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात; पण शत्रूला आधी कळवून. राजा पुलकेशी सम्राट हर्षापुढे झुकला नाही, हेही तो नोंदवतो. पुढे पूर्वेच्या डोंगरात कोरलेला विहार येतो: ‘आचार’ नावाच्या अर्हताने उभारलेला, दाराबाहेर दगडी हत्ती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याशी ते हत्ती आजही आहेत आणि सव्विसाव्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव सापडते, म्हणून अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे मानतात.

मनोरा बांधला जात होता त्याच 652 साली बोधगयेच्या महाबोधी विहारातून ज्ञानप्रभ आणि प्रज्ञादेव यांचे पत्र आणि भेट म्हणून पांढरे कापड घेऊन एक भिक्षू छांगआनला आला. 654मध्ये तो परत निघाला तेव्हा युआन श्वांगने उत्तर दिले. युआन श्वांग स्वतः भारतातून परतत असताना सिंधू नदीत एका जनावराच्या पाठीवरचे ग्रंथ वाहून गेले होते. त्यांची यादी त्याने सोबत जोडली आणि कोणी येणारे-जाणारे असेल तर ते पाठवावेत, अशी विनंती केली.