काहीच झालं नाही, कारण कुणीतरी आधी काम केलं होतं

मंडळी, ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र आठवते? मग 'वायटूके' हा शब्दही आठवत असेल. पूर्वी कॉम्प्युटरची मेमरी फार महाग, म्हणून प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायचे. १९९९ म्हणजे ९९. मग २००० म्हणजे ००, आणि मशीनने ते १९०० समजलं तर? बँकेचं व्याज, विमा, बिलं, सगळा हिशोब बोंबलणार. म्हणून जगभर काही वर्षं आधीपासून जुने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासून दुरुस्त केले गेले. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचा परदेशात जम बसला, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

१ जानेवारी उजाडला. किरकोळ गडबडी सोडल्या तर काही झालं नाही. लोक लगेच म्हणाले, 'उगाच बाऊ केला!'

देखभालीचं नशीबच असं. मे महिन्यात घर शाकारलं की पावसाळा कसा गेला ते कळत नाही. शाकारणाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. गळायला लागलं की मात्र सगळे वर बघतात.

तसं गळायला लागलं २०१७ साली. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. अनेकांनी 'नंतर बघू' म्हणून तो टाळला. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' व्हायरस घुसला. फायली कुलूपबंद, किल्ली हवी तर ३०० डॉलर टाका! इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनं रद्द करावी लागली. औषध दोन महिने आधीच येऊन पडलं होतं, घेतलं नव्हतं.

२७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि त्याची झळ थेट आपल्या न्हावाशेवापर्यंत पोचली. जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं एक टर्मिनल कोलमडलं, कॉम्प्युटरवरची कामं हाताने करायची वेळ आली. हा व्हायरस चोरलेल्या पासवर्डनेही पसरत होता, त्यामुळे नुसता अपडेटही पुरला नसता. मर्स्कला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. आणि गंमत बघा, त्यांच्या सगळ्या नेटवर्कचा नकाशा ज्या मुख्य सर्व्हरांवर होता, ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घाना देशातला एक, कारण तिथे त्या वेळी लाईट गेली होती! एवढी मोठी कंपनी लोडशेडिंगने तारली राव.

आता आपल्या गावात या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे मुदतवाढीची नोंदणी केली नसेल, तर त्या मशीनमधलं नवं भोक आता कुणी बुजवणार नाही. तुमची ठेव ज्या पतसंस्थेत आहे, दाखले ज्या केंद्रात निघतात, मालाचा हिशोब ज्या दुकानात आहे, तिथलं मशीन कुठल्या विंडोजवर चालतं, कधी विचारलंय?

खर्च फार नाही. अपडेट चालू ठेवा. आतली धूळ वर्षातून दोनदा काढा. यूपीएसची बॅटरी दम तोडायच्या आधी बदला. रोजचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस सोबतच खातो. घानाचा सर्व्हर वाचला तो तुटलेला होता म्हणूनच.

पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत आपण लाभांशावर तासभर भांडतो. यंदा एक प्रश्न जास्तीचा विचारा: 'शेवटचा बॅकअप कधी घेतला, आणि तो परत उघडून कुणी बघितला का?' उत्तराला वेळ लागला, तर समजा कौलं सरकली आहेत. पाऊस यायच्या आत शाकारून घ्या.