अंत्यसेवेचे मानकरी

मनुष्य जन्मास येतो तेव्हां त्याच्या सेवेस सुईण असते. मरतो तेव्हां त्याच्या सेवेस कोण असतें, हा प्रश्न इतिहासकारांनीं क्वचितच विचारला आहे. राजे कोणत्या तिथीस व कोणत्या गांवीं निवर्तले, हें बखरींतून सांपडतें. परंतु त्यांचें कलेवर कोणीं धुतलें, लांकडें कोणीं वाहिलीं, खड्डा कोणीं खणला, याची नोंद करणें बखरकारास आवश्यक वाटलें नाहीं. वस्तुतः ज्या कामावांचून एकाहि घराचा निभाव लागत नाहीं, तें काम करणाऱ्यास समाज कोणत्या पंक्तीस बसवितो, यावरून त्या समाजाची पारख होते. नांदेड जिल्ह्यांतील मुखेड आणि त्याच्या आसपासचा मुलूख ही पारख करण्यास फार सोयीचा आहे. कारण अंत्यविधीच्या निरनिराळ्या परंपरा तेथें एकाच शिवारांत नांदत आल्या आहेत.

प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असें मात्र नव्हे. प्राचीन मिसर देशांत प्रेतें टिकविण्याची विद्या पूर्णत्वास गेली होती. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो कीं, हा धंदा करणारे कारागीर मृताच्या आप्तांपुढें लांकडी नमुने मांडीत आणि उंची, मध्यम व स्वस्त अशा तीन प्रतींपैकीं एकीची निवड करावयास सांगत. उंची प्रकारांत अंतर्भाग काढून, पोकळीत सुगंधी द्रव्यें भरून, देह सत्तर दिवस क्षारांत ठेवीत. पुढें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत डायोडोरस नांवाच्या इतिहासकारानें याच विद्येविषयीं एक विलक्षण हकीकत लिहून ठेविली. देहाच्या डाव्या कुशीस पहिला छेद घेणारा मनुष्य आपलें काम संपतांच धूम ठोकी, आणि जमलेले लोक शिव्याशाप देत व दगड फेकीत त्याच्या मागें धांवत. त्याच देहास पुढें मसाला लावणारे मात्र पुरोहितांच्या बरोबरीचे मानले जात. देवळांत त्यांना मज्जाव नसे. म्हणजे छेद घेण्यास बोलावणारे तेच आणि दगड मारणारेहि तेच! मृत्यूची सेवा करून घ्यावयाची आणि सेवकास दूर लोटावयाचें, ही मानवजातीची फार जुनी खोड आहे.

मुखेड हें नांदेडच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या तालुक्याचें ठिकाण. मन्याड व लेंडी या मांजरेस मिळणाऱ्या नद्यांचा हा टापू. एका बाजूस राष्ट्रकूटांचें कंधार, दुसऱ्या बाजूस बहामनी व बरीदशाही सुलतानांचें बीदर, आणि त्यापलीकडे चालुक्य-कलचुरींचें कल्याण, अशा तीन राजधान्यांच्या मध्यें तो पसरला आहे. मुखेडास दशरथेश्वराचें मध्ययुगीन शिवालय आहे आणि तेथील शिल्पांत सप्तमातृका आहेत. मूर्तिशास्त्रांत या सात मातांपैकीं चामुंडा ही अस्थिपंजर देहाची, प्रेतावर आसन घालणारी देवता म्हणून वर्णिली आहे. ज्या शिल्पकारांनीं देवालयाच्या भिंतीवर तिला इतर मातांच्या पंक्तीस बसविलें, त्यांना मृत्यु हा अमंगळ म्हणून देवाच्या दारांतून हांकलून द्यावयाचा विषय वाटला नव्हता. परंतु पाषाणांतील देवतेस मिळालेली ही पंक्ति गांवांतील माणसांस मिळाली नाहीं.

या उष्ण मुलखांत प्रेत टिकविण्याचा प्रश्नच नव्हता. तें कांहीं प्रहरांच्या आंत अग्नीस किंवा भूमीस अर्पण करणें हीच निकड असे. तेव्हां येथील अंत्यसेवकाचें काम मसाल्याचें नसून धांवपळीचें होतें, आणि ती धांवपळ गांवगाड्यानें महारांच्या शिरावर टाकली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत गांवकामगारांच्या कामांचें विस्तृत वर्णन आहे. मयताची वार्ता परगांवच्या सोयऱ्यांस पोंचविणें आणि सरणाचीं लांकडें वाहणें हीं कामें महाराष्ट्रांत महारांकडे चालत आलीं. वेळ अपरात्रीची असो, नदीला पूर असो, निरोप घेऊन जावयाचें तें त्यानेंच. मोबदला म्हणून बलुत्याचे चार पायली दाणे आणि प्रेतावरचें वस्त्र. महारांच्या बावन्न हक्कांची जी परंपरागत कथा आहे, ती तर या टापूच्या अगदीं शेजारच्या बीदरशींच जोडलेली आहे. बीदरच्या बादशहानें अमृतनाक नांवाच्या महार वीरावर प्रसन्न होऊन त्याच्या जातीस बावन्न हक्क दिले, असें ही कथा सांगते. आणि त्या हक्कांत मढ्यावरच्या कापडाचाहि समावेश केला जातो. पराक्रमाचें बक्षीस म्हणून मिळालेल्या सनदेंत कफनाचें कापड असावें, यांतील विसंगति पिढ्यान्‌पिढ्या कोणास खुपली नाहीं. सक्तीला हक्काचें नांव दिलें कीं तिची टोंचणी देणाऱ्यास लागत नाहीं. घेणाऱ्यास मात्र ती जन्मभर लागते.

हीच दृष्टि वरच्या वर्णांतहि शिरली होती. दहाव्या-अकराव्या दिवसाचीं कृत्यें चालविणाऱ्या ब्राह्मणास कारटा म्हणून वेगळें काढीत, आणि मंगल कार्यांत त्याचें दर्शनहि नकोसें होई. कोंकणांत याच कामामुळें किरवंत या वर्गास हीनत्व आलें. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ नाटकाचा विषय तोच आहे. वेद तोच, मंत्र तेच, जात तीच. फरक एवढाच कीं मंत्र स्मशानांत म्हटले. गंमत अशी कीं, याच समाजानें राजा हरिश्चंद्राचें आख्यान शतकानुशतकें भक्तिभावानें ऐकलें. सत्याखातर राज्य सोडलेला तो राजा काशीच्या स्मशानांत प्रेतवस्त्राची वसुली करीत उभा राहतो, त्या प्रसंगीं श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येई. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं आपल्या पहिल्या चित्रपटासाठीं हीच कथा निवडली. परंतु कीर्तन संपवून घरीं परतणाऱ्या श्रोत्यास वाटेंत आपल्याच गांवचा हरिश्चंद्र भेटला, तर तो अंग चोरून पुढें जाई.

या व्यवस्थेस तात्त्विक विरोध झाला तोहि याच परिसरांतून. बाराव्या शतकांत कलचुरी राजा बिज्जलाच्या कारकीर्दींत कल्याण येथें बसवेश्वरांनीं जी चळवळ उभी केली, तिनें सूतकाच्या कल्पनेवरच घाव घातला. वीरशैव-लिंगायत विचारांत जात, जनन, प्रेत, रज आणि उच्छिष्ट हीं पांच सूतकें मानीत नाहींत. इष्टलिंग धारण केलेला देह हें शिवाचें मंदिर. त्यांतून प्राण गेला म्हणून मंदिर अपवित्र कसें होणार, असा हा युक्तिवाद आहे. मुखेड, अहमदपूर, देगलूर, उदगीर या भागांत लिंगायतांची वस्ती मोठी आहे, आणि कपिलधारचे मन्मथस्वामी यांच्या ‘परमरहस्य’ या ग्रंथानें हा विचार मराठी भाषेंत घरोघर नेला.

या विचारास अनुसरून लिंगायतांत मृतास ‘मेला’ म्हणत नाहींत. तो ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’ झाला असें म्हणतात. त्याचा विधि म्हणजे एक प्रकारें अंत्यसेवेची कलाच आहे. प्राण गेल्यावर कांहीं तासांतच शरीर ताठरूं लागतें. तत्पूर्वीं त्यास स्नान घालून मांडी घातलेल्या अवस्थेंत बसवावें लागतें. उशीर झाला तर गुडघे वांकत नाहींत, आणि घाई केली तर देहाची अप्रतिष्ठा होते. म्हणून घरांतील व भावकींतील जाणतीं माणसें आधीं पाठीस आधार देतात, मान सांवरतात, कपाळीं विभूतीचे पट्टे ओढतात, गळ्यांत रुद्राक्ष व फुलें घालतात आणि इष्टलिंग हातांत ठेवतात. मृत मनुष्य ध्यानस्थ बसल्यासारखा दिसतो. मग सजविलेल्या विमानांतून, भजन गात, त्यास समाधिस्थळीं नेतात. खड्ड्याच्या आंत एका बाजूस कोनाडा कोरलेला असतो. त्यांत देह बसवून विभूति, बिल्वपत्रें व मीठ घालून माती लोटतात. हें सर्व जंगमाच्या देखरेखीखालीं चालतें. जंगम या शब्दाचा अर्थच चालता-फिरता; तो विवाहांतहि असतो आणि समाधीच्या कांठावरहि असतो. लग्नाचा गुरु वेगळा आणि मरणाचा गुरु वेगळा, अशी फोड येथें नाहीं. या परंपरेतील थोर आचार्य डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर यांनीं १ सप्टेंबर २०२० रोजीं नांदेड येथें देह ठेविला, आणि अहमदपूर येथील भक्तिस्थळीं त्यांस समाधि देण्यांत आली. त्या सोहळ्यांतहि हाच विधि होता. अर्थात्‌ सिद्धांत आणि व्यवहार यांत अंतर राहिलेंच. लिंगायत समाजांतहि पोटभेद वाढले, आणि खड्डा खणण्यासारखीं कष्टाचीं कामें गांवच्या राबत्या लोकांकडेच राहिलीं. तथापि ज्यानें प्रेतास हात लावला तो विटाळला, ही समजूत तत्त्वतः नाकारली गेली, हें थोडें नव्हे.

याच गांवांतील मुसलमान वस्तींत आणखी एक दृष्टि आढळते. तेथें प्रेतास स्नान घालणाऱ्यास गस्साल म्हणतात. पुरुषास पुरुष व स्त्रीस स्त्री स्नान घालते. शेवटच्या पाण्यांत कापूर घालतात. पुरुषास तीन वस्त्रांचें आणि स्त्रीस पांच वस्त्रांचें कफन देतात. धर्मशास्त्रांत हें काम ‘फर्ज-ए-किफाया’ मानलें आहे. त्याचा अर्थ असा कीं, समाजांतील कांहीं जणांनीं तें केलें तर सर्वांची जबाबदारी फिटते. कोणींच केलें नाहीं तर दोष सर्वांस लागतो. अंत्यसेवकाकडे पाहण्याची याहून न्याय्य व्याख्या क्वचितच सांपडेल. तो दुसऱ्यांचा विटाळ वाहत नाहीं. दुसऱ्यांचें कर्तव्य वाहतो.

महारांच्या सक्तीविरुद्ध कायद्याच्या मार्गानें पहिला मोठा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं केला. १९२८ सालीं त्यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत महार वतनासंबंधीं दुरुस्ती-विधेयक मांडलें. तें पुढें मागें घ्यावें लागलें. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो त्या विधिमंडळाच्या कक्षेबाहेरच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाची राजवट संपली. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ सालीं ती पाळणें हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट घडली ती माणसांच्या मनांत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर मराठवाड्यांतहि गांवोगांवच्या बौद्धांनीं निरोप नेणें, सरण वाहणें, प्रेतवस्त्र घेणें हीं कामें नाकारलीं. कित्येक ठिकाणीं गांवानें डोळे वटारले. तेव्हां गांवकऱ्यांना प्रथमच उमगलें कीं, आपल्या मयताचा निरोप आपणांसच द्यावयाचा आहे आणि सरणाचीं लांकडें आपल्याच खांद्यावरून न्यावयाचीं आहेत. ज्यांनीं नकार दिला त्यांनीं मृतांचा अनादर केला नव्हता. कर्तव्य ज्याचें त्याच्या दारांत आणून ठेविलें होतें.

आधुनिक काळांत या सेवेनें आणखी एक रूप घेतलें. अमेरिकेच्या यादवी युद्धांत दूरच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचीं प्रेतें घरीं पाठविण्यासाठीं रक्तवाहिन्यांत द्रव सोडून तीं टिकविण्याची पद्धति रूढ झाली. १८६५ सालीं अध्यक्ष लिंकन यांचा देह याच पद्धतीनें राखून आगगाडीनें वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत नेण्यांत आला. वाटेंत लाखों लोकांनीं त्याचें दर्शन घेतलें, आणि तेव्हांपासून हा धंदा तेथें प्रतिष्ठित व्यवसाय बनला. पुढें फॉर्मालिन हें द्रव्य प्रचारांत आलें. आपल्याकडे ही विद्या आली ती वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचना-विभागांतून. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं त्यासाठीं ॲनाटॉमी ॲक्ट केला. आतां आखातांत किंवा अमेरिकेंत मृत्यु आलेल्या मराठी माणसाचा देह विमानानें घरीं आणावयाचा, तर तो टिकविल्याचा दाखला लागतो. खेड्यांतील आईस मुलाचें अखेरचें दर्शन घडतें तें कोणा अनोळखी कारागिराच्या हातामुळें. त्याचें नांव तिला कधींच कळत नाहीं.

२०२० व २०२१ सालीं कोरोनाच्या सांथींत हा सर्व इतिहास जणूं एका वर्षांत पुन्हां उलगडला. आप्त दाराबाहेर थांबले, आणि नगरपालिकांचे सफाई-कामगार, रुग्णवाहिकांचे चालक व स्वयंसेवक पुढें झाले. कोणत्याहि धर्माचें प्रेत असो, त्यांनीं तें अग्नीस वा भूमीस दिलें. तेव्हां त्यांना लोकांनीं देवदूत म्हटलें, आणि सांथ ओसरतांच बहुतेकांस त्यांचा विसर पडला.

मिसरच्या त्या पळणाऱ्या माणसापासून मुखेडच्या शिवारांतील निरोप्यापर्यंत दगडांचें रूप बदलत गेलें. कोठें तो खरा दगड होता, कोठें नुसती नजर. कर्तव्य सर्वांचें, वाहणारा एक, आणि विटाळहि त्या एकाचा, हा हिशेब कोणत्याच न्यायांत बसत नाहीं. स्मशानांतून परतणारा मनुष्य पायांवर पाणी घेऊन घरांत शिरतो. त्या पाण्यानें धूळ जाते. परंतु जो मागें राहून निखारे सांवरतो, त्याचें ऋण तेवढ्यानें फिटत नाहीं.