हिंसक गुन्ह्यांची पुनरावृत्ती

खून, खुनाचा प्रयत्न, जबर दुखापत किंवा दरोडा अशा गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून सुटलेल्या व्यक्तीने पुन्हा हिंसक गुन्हा करणे, यास हिंसक गुन्ह्यांची पुनरावृत्ती म्हणतात. गुन्हा किती भीषण होता, यावरून तो पुन्हा घडेल की नाही हे ठरत नाही. क्षणिक संतापात खून केलेले अनेक कैदी सुटकेनंतर शांत आयुष्य जगतात.

व्हेरियर एल्विन यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ या ग्रंथात बस्तरमधील माडियांच्या शंभर खून खटल्यांचा अभ्यास आहे. मद्यपान, संशय, घरगुती भांडण व चेटकाचा आळ ही त्यांतील ठळक कारणे. बस्तर गडचिरोली जिल्ह्याला लागून असल्याने मुलचेरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांच्या संदर्भातही हा अभ्यास उपयुक्त आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे.

== मानसिक घटक ==
बालपणी सोसलेली मारहाण, आवेगावर ताबा नसणे, दुसऱ्याच्या साध्या वागण्यातही वैर दिसणे आणि व्यसन हे घटक पुनरावृत्तीशी निगडित आढळतात. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००२ साली आलेल्या, बारा देशांतील पाहण्यांच्या आढाव्यात सुमारे ४७ टक्के पुरुष कैद्यांत समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार आढळला. हा विकार म्हणजे वेड नव्हे. १९६८ साली मुंबईत पकडला गेलेला रामन राघव पूर्वी दरोड्यासाठी तुरुंगात राहिलेला होता. त्याला छिन्नमनस्कता असल्याचे वैद्यकीय तपासणीत दिसले व पुढे त्याची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. हे प्रकरण प्रसिद्ध असले, तरी सर्वसाधारण कैद्याचे चित्र त्यावरून रंगवणे चुकीचे ठरेल. वय वाढते तशी हिंसा बहुधा ओसरते.

== सामाजिक घटक ==
सुटलेल्या कैद्याला काम मिळत नाही, गाव दूर ठेवते आणि जुनी टोळी मात्र जवळ करते. तुरुंगातील सहवासाने नवखा कैदीही सराईतांच्या वर्तुळात ओढला जातो. घरच्यांच्या भेटी चालू राहिल्यास पुनरावृत्तीचा धोका घटतो. पण मुलचेऱ्याहून नागपूरचे मध्यवर्ती कारागृह दोनशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि मजुरी बुडवून तेथे जाणे गरीब कुटुंबास परवडत नाही.

शिक्का हाही एक घटक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबई कायदा १९५९ मध्ये आला आणि विमुक्त जमातींवरील संशय टिकला. कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्या.

== स्वतंत्रपूर ==
औंध संस्थानाने १९३९ मध्ये मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ (आता सांगली जिल्हा) खुली वसाहत स्थापन केली. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे भिंतीविना शेती करीत व कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला आहे. ही वसाहत आजही खुले कारागृह म्हणून चालू आहे.