स्वयंपाकातील मापांचे वजनात रूपांतर

स्वयंपाकातील मापांचे वजनात रूपांतर म्हणजे वाटी, कप, चमचा अशा आकारमानाच्या मापांनी सांगितलेले जिनसांचे प्रमाण ग्रॅममध्ये व्यक्त करणे. केक, पाव, बिस्किटे, नानकटाई यांसारख्या भाजीव पदार्थांत पीठ, साखर व स्निग्ध पदार्थ यांचे परस्परप्रमाण थोडे बदलले तरी पदार्थाचा पोत बदलतो. म्हणून तेथे हे रूपांतर विशेष उपयुक्त ठरते. प्रत्येक जिनसाची घनता वेगळी असल्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच गुणक नसतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात धान्य सामान्यतः मापून, तर गूळ, साखर इत्यादी जिन्नस तोलून देण्याची पद्धत होती. मापाच्या प्रचलित कोष्टकात २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली आणि अनेक ठिकाणी १६ पायल्या म्हणजे १ मण होत असे. वजनाच्या कोष्टकात मात्र ८० तोळ्यांचा शेर (सुमारे ९३३ ग्रॅम) व ४० शेरांचा मण होता. ‘शेर’ आणि ‘मण’ ही नावे दोन्ही कोष्टकांत असली, तरी त्यांचे अर्थ भिन्न होते.

१९५६ च्या कायद्यान्वये भारतात दशमान वजने-मापे स्वीकारली गेली व १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. बाजारात किलोग्रॅम रुळला. घरगुती स्वयंपाकात मात्र वाटी टिकून राहिली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकातील पाककृती वाटी-चमच्याच्या प्रमाणात आहेत. वाटी हे प्रमाणित माप नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील तुळशीबागेसारख्या भांड्यांच्या बाजारात निरनिराळ्या आकारांच्या वाट्या मिळतात. कपही सर्वत्र एक नाही: अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटर, तर दशमान कप २५० मिलिलिटर असतो.

रूपांतराची रीत

वजन (ग्रॅम) = आकारमान (मिलिलिटर) × घनता (ग्रॅम प्रति मिलिलिटर)

वाटीचे आकारमान ठाऊक नसल्यास रिकामी वाटी तोलावी, नंतर ती काठोकाठ पाण्याने भरून पुन्हा तोलावी. १ मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ १ ग्रॅम असल्यामुळे दोन वजनांतील फरक हेच वाटीचे आकारमान होय.

२४० मिलिलिटर मापात मावणाऱ्या जिनसांची अंदाजे वजने पुढीलप्रमाणे आहेत:

• पाणी – २४० ग्रॅम
• दूध – २४५ ग्रॅम
• मैदा – १२५ ग्रॅम
• बारीक रवा – १७० ग्रॅम
• साखर – २०० ग्रॅम
• पिठीसाखर – १२० ग्रॅम
• तूप – २२० ग्रॅम
• मध – ३४० ग्रॅम

उदाहरण

नानकटाईसाठी १ वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर व अर्धी वाटी तूप असे प्रमाण घेतले आणि वाटी १५० मिलिलिटरची असली, तर मैदा सुमारे ७८ ग्रॅम, पिठीसाखर ३८ ग्रॅम व तूप ६९ ग्रॅम भरते. मापाने समान असलेले साखर व तूप वजनाने समान नाहीत. तूप साखरेच्या जवळजवळ पावणेदोनपट आहे. ‘अर्धी वाटी’ म्हणजे दोन्ही जिन्नस समभाग असे समजून ते सारख्या वजनाचे घेतल्यास पदार्थ बिघडतो. बेकरी व्यवसायात पिठाचे वजन १०० मानून इतर जिन्नस त्याच्या टक्केवारीत मांडतात. या उदाहरणात पिठीसाखर सुमारे ४८ टक्के व तूप ८८ टक्के येते. अशी टक्केवारी ठाऊक असल्यास घाणा लहान असो वा मोठा, प्रमाण कायम राखता येते.

मर्यादा

पीठ व भुकटी यांच्या कणांमध्ये हवा असते. त्यामुळे चाळून हलक्या हाताने भरलेला २४० मिलिलिटर मैदा सुमारे १२० ग्रॅम, तर दाबून भरलेला १५० ग्रॅमपर्यंत भरू शकतो. रव्याचा जाडेपणा व साखरेच्या दाण्याचा आकार यांनीही वजन बदलते. परिणामी कोष्टकातील आकडे अंदाजे समजावेत. सोडा, बेकिंग पावडर, मीठ यांसारखे अल्प प्रमाणात लागणारे जिन्नस मात्र साध्या घरगुती काट्यावर अचूक तोलता येत नाहीत. त्यांच्यासाठी ५ मिलिलिटरचा प्रमाणित चमचा सपाट भरून वापरणे अधिक सोयीचे असते.